ताणाच्या तारा आणि आपली देणगी



मे महिन्यातील वादळात आमच्या वसतिगृहामागच्या टेकडीवरचा इंटरनेटचा मनोरा पडला, ही बातमी आपल्यापैकी पुष्कळांपर्यंत पोहोचली आहे. अनेकांनी फोन केले, प्रार्थना केली. शहरातील एका मंडळीच्या महिला मंडळाने तर आठ दिवसांत पत्र पाठवले : "ताई, नवा मनोरा आमच्याकडून. आमच्या दिवंगत भगिनींच्या स्मरणार्थ पाटी लावा. खर्च किती तेवढे कळवा." त्या पत्राला मी अजून उत्तर दिलेले नाही. उत्तर एका आकड्यात देण्यासारखे नाही, म्हणून या अंकाचा अभ्यासलेख त्याच विषयावर लिहीत आहे. मी इंजिनियर नाही. पण मनोरा पडला त्यात माझी चूक होती आणि ती समजून घेण्यासाठी मला बरेच शिकावे लागले.

प्रथम मनोरा कशासाठी, ते सांगते. सातपुड्यातील आमच्या पाड्यांवर 'नेटवर्कची जागा' असते. कुठे एखादे महूचे झाड, कुठे खडक. तिथे उभे राहिले की फोन लागतो, दोन पावले सरकले की जातो. रेशन दुकानदार अंगठ्याचे मशीन घेऊन डोंगरावर चढतो आणि त्याच्यामागे म्हाताऱ्याकोताऱ्यांची रांग चढते, कारण अंगठा उमटल्याशिवाय धान्य नाही. बाळंतपणाची वेळ आली तर १०८ ला फोन करायला एक जण आधी टेकडीवर पळतो. देशात अशी गावे थोडी नाहीत. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये २४,६८० गावांत ४जी पोहोचवण्यासाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. काम चालू आहे. पण खोऱ्यातल्या पाड्यांना वाट पाहावी लागते, आणि मोबाईल कंपनीचा हिशेब साधा असतो : माणसे थोडी, मनोरा महाग.

मनोरा महाग का, हे आधी समजून घेऊ. रस्त्याकडेला आपण पाहतो तो चार पायांचा, खाली रुंद आणि वर निमुळता मनोरा आपल्याच पायांवर उभा असतो. वारा वरून ढकलतो, तो सगळा जोर पायांनी आणि पायाखालच्या काँक्रीटने पेलायचा. म्हणून लोखंड भरपूर, खड्डे खोल, वाळू-सिमेंटच्या गाड्या आल्या. जिथे ट्रक जात नाही तिथे हे सगळे डोक्यावरून न्यावे लागते.

दुसरा प्रकार ताणाच्या मनोऱ्याचा. विजेच्या कोपऱ्यावरच्या खांबाला तिरकी तार देऊन ती जमिनीत बसवलेली असते, तिला लाइनमन 'ताण' किंवा 'स्टे' म्हणतात. तसाच हा मनोरा : मध्ये एक सडपातळ खांब आणि तीन दिशांना तिरक्या पोलादी तारा. मुलांना हे समजावे म्हणून मी एक दिवस वर्गात बांबू नेला. बांबूच्या टोकाला दोन दोऱ्या बांधून समोरासमोर ताणल्या, तो तिसऱ्या बाजूला पडला. तीन दोऱ्या सारख्या अंतराने तीन बाजूंना ताणल्या, तो उभा राहिला. मग मुलांनी दोऱ्यांच्या मेखा बांबूच्या अगदी जवळ ठोकून पाहिल्या. दोऱ्या जवळजवळ उभ्या झाल्या आणि बांबू डुलू लागला. मेखा दूर नेल्या की एका बोटाने ढकलूनही तो हलेना. पवित्र शास्त्रात तंबूच्या दोऱ्या आणि मेखा पुष्कळ ठिकाणी येतात. धर्मशिक्षण घेताना मी त्या केवळ रूपक म्हणून वाचल्या होत्या. पौल तंबू करण्याच्या धंद्यातला होता, त्याला मात्र मेख कुठे ठोकायची हे नक्की ठाऊक असणार.

वाऱ्याचा आडवा जोर तारा घेतात आणि जमिनीकडे नेतात. मधल्या खांबावर मुख्यतः खाली दाबणारा भार राहतो. म्हणून तो बारीक चालतो. तीन नळ्या आणि त्यांमधल्या तिरप्या पट्ट्या यांचे साधारण तीन मीटर लांबीचे तुकडे एकावर एक जोडत जायचे. एकेक तुकडा दोन माणसे खांद्यावर नेऊ शकतात, होडीत किंवा बैलगाडीत घालू शकतात. तेवढ्याच उंचीच्या चार पायांच्या मनोऱ्यापेक्षा लोखंड खूपच कमी लागते.

इथपर्यंत ऐकून कोणीही म्हणेल, मग सगळीकडे हेच का उभारत नाहीत? त्याचे उत्तर जमिनीत आहे. मेख, म्हणजे ज्याला अँकर म्हणतात तो पुरलेला काँक्रीटचा ठोकळा, खांबापासून उंचीच्या साधारण ६० ते ८० टक्के अंतरावर लागतो. ३० मीटरचा मनोरा असेल तर अँकर २४ मीटरपर्यंत दूर. तीन अँकर जोडून त्रिकोण काढला तर तो सुमारे साडेसात गुंठ्यांचा होतो. चार पायांचा मनोरा अर्ध्या गुंठ्यातही बसतो. शहरात साडेसात गुंठे कोण देणार? खेड्यात जागा आहे, पण ती कोणाची तरी आहे. त्या गोष्टीकडे मी पुढे येते.

पेरूच्या जंगलातील उदाहरण

आमचा मनोरा पडल्यावर मी जे वाचले त्यात दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या नापो नदीची हकीकत मला सर्वांत जवळची वाटली. ही नदी एक्वादोरमधून येते आणि इकितोस शहराच्या खाली ॲमेझॉनला मिळते. काठावर किचवा आणि इतर आदिवासींची गावे. रस्ता नाही, सगळा प्रवास होडीने, आणि वरच्या आरोग्य केंद्रातून इकितोसच्या इस्पितळापर्यंत यायला कित्येक दिवस. सांता क्लोतिल्दे या गावातील इस्पितळ कॅथलिक मिशनने वाढवलेले. बाकीच्या ठिकाणी बहुधा एखादा आरोग्य सेवक किंवा परिचारिका एकटीच.

स्पेनमधील एहास ही संस्था आणि लिमा येथील पेरूचे पाँटिफिकल कॅथलिक विद्यापीठ यांनी २००६-०७ च्या सुमारास नदीच्या काठाने आरोग्य केंद्रे जोडत सुमारे ४५० किलोमीटर लांबीची वायफायची साखळी उभी केली. आपल्या घरात असते तेच वायफाय, पण दिशादर्शक अँटेना लावून आणि यंत्रांची मांडणी लांब अंतरासाठी बदलून. वीज सौर पट्ट्यांवर. अँटेना चढवल्या त्या ताणाच्या मनोऱ्यांवर, आणि त्यांतील काही ९० मीटरच्या आसपास उंच.

एवढी उंची कशासाठी, हा हिशेब मी स्वतः करून पाहिला आणि मुलांनाही घातला. दोन मनोऱ्यांमध्ये ३० किलोमीटर अंतर धरा. जमीन सपाट, झाडे ३५ मीटर उंच. पृथ्वी गोल असल्यामुळे मध्यावर जमीन वर येते. लहरी थोड्या वाकतात हे धरूनही ती सुमारे १३ मीटर भरते. शिवाय रेडिओलहर दोरीसारखी सरळ रेघेत जात नाही, तिला दोन अँटेनांच्या मध्ये लांबट तोंडल्यासारखी जागा लागते. २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायसाठी या अंतरावर मध्यभागी निदान १८ मीटर जागा मोकळी हवी. ३५, १३ आणि १८ मिळून ६६ मीटर. झाडे वाढतात, म्हणून थोडे जास्त. चार पायांचे एवढे मनोरे होडीतून नेऊन दलदलीच्या काठावर उभे करायचे तर बहुधा कोणी पुढे आलेच नसते. तारांवरचा सडपातळ खांब होता म्हणून ते काम झाले.

२०१३ नंतर युरोपच्या मदतीने चाललेल्या एका प्रकल्पात त्याच साखळीच्या आधारे काही गावांत ३जी मोबाईल सेवा चालवून पाहिली गेली. म्हणजे आरोग्य केंद्रासाठी उभा केलेला खांब गावाच्या फोनच्या कामी आला. मात्र या जाळ्याविषयी त्याच लोकांनी पुढे जे लिहिले, त्यात एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो : बॅटरी संपली, वीज पडली, तार गंजली तर तिथे होडीने कोण जाणार आणि त्या होडीचे इंधन कोणाच्या खात्यातून? मनोरा उभारायला देणगीदार मिळतात. होडीच्या इंधनाला स्मरणार्थ पाटी लावत नाहीत.

आपल्याकडे डोंगर आहेत ही देवाची कृपाच. सपाट जंगलात जी उंची लोखंडाने मिळवावी लागते ती आपल्याला डोंगराचा माथा फुकट देतो. त्यामुळे योग्य जागी १५ मीटरचा ताणाचा खांबही पुरतो. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील वायफाय आपल्या देशात २००५ पासून ठरलेल्या शक्तीच्या मर्यादेत विनापरवाना वापरता येते. इंटरनेट मात्र परवानाधारक कंपनीकडूनच घ्यायचे. आपल्या पालघर जिल्ह्यात खामलोली आणि आसपासच्या गावांत मुंबईच्या आयआयटीने 'ग्राममार्ग' हा प्रयोग केला. त्यात टीव्हीच्या रिकाम्या लहरी वापरून गावोगावी इंटरनेट नेऊन दाखवले. त्या लहरी झाडीतून वायफायपेक्षा बऱ्या जातात. मोठ्या संस्थांनीही आदिवासी भागासाठी स्वस्त वाटेचा विचार केला आहे, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

आमचा मनोरा का पडला

आता माझ्या चुकीविषयी. आमचा खांब १५ मीटरचा होता, दोन उंचींवर तीन-तीन तारा, एकूण सहा. प्रत्येक अँकरला दोन तारा. तीनपैकी एक अँकर शेजारच्या शेतात होता. गेल्या जूनमध्ये नांगरणीला बैल वळवायला तारा आड येतात म्हणून त्या घरच्या मुलाने विचारले, "ताई, दोन दिवस सोडू का?" मी म्हणाले, सोड. आमच्याच माणसाने दुसऱ्या दोन बाजूंच्या भरवशावर त्या तारा सोडल्या आणि नंतर डोळ्यांच्या अंदाजाने पुन्हा बांधल्या. त्या दोन दिवसांत वारा नव्हता, म्हणून मनोरा तेव्हाच पडला नाही.

पोलंडमधील कोन्स्तान्तिनुव येथे ६४६ मीटर उंचीचा रेडिओचा मनोरा होता. १९७४ मध्ये तो पूर्ण झाला तेव्हा जगातील सर्वांत उंच रचना तीच होती. ८ ऑगस्ट १९९१ रोजी ताणाच्या तारा बदलण्याचे काम चालू असताना तो कोसळला. एवढ्या मोठ्या मनोऱ्याचीही ही गत झाली, हे मी आधी वाचले असते तर "सोड" इतक्या सहज म्हणाले नसते. तात्पुरती दुसरी तार ताणल्याशिवाय पहिली सोडायची नाही, हा त्यातला नियम आहे.

दुसरी चूक क्लॅम्पची. तार थिंबलवरून वळवून तिच्याच अंगाला यू-बोल्टच्या क्लॅम्पने आवळतात. त्या क्लॅम्पचा खोबणी असलेला जाड भाग ताण घेणाऱ्या तारेवर बसला पाहिजे आणि यू-बोल्ट उरलेल्या शेपटावर. उलटे बसवले तर यू-बोल्ट मुख्य तारेतच चेमटा पाडतो आणि पकड सैल होते. आमचे अर्धे क्लॅम्प उलटे होते. काम एका कारागिराने केले होते, पण "काम समाधानकारक" या कागदावर सही माझी आहे. मेच्या वाऱ्यात त्याच शेताकडील तार क्लॅम्पमधून सरकून निघाली आणि खांब मधोमध वाकून पडला. सुट्टी असल्यामुळे मुले घरी होती. कोणाला इजा झाली नाही, याबद्दल प्रभूचे आभार. त्या दिवसापासून रेशनची रांग पुन्हा डोंगरावर चढते आहे.

नव्या खांबासाठी परवानगी मागायला मी त्या शेताच्या घरी गेले. या वेळी मुलाकडे न जाता आजीकडे गेले, कारण वनपट्टा तिच्या नावावर आहे हे मला तोपर्यंत कळले होते. आजी पावरीत बोलली, मी मराठीत सांगते.

"बाई, मागच्या वेळी तू कोणाला विचारलंस?"

"तुमच्या मुलाला विचारलं, आजी."

"शेत कोणाचं?"

मी गप्प बसले. आजीने भाकर थापता थापता पुढे सांगितले, "खांब तुमचा, फोन सगळ्यांचा आणि खड्डा माझ्या शेतात. खड्डा राहू दे, पण बांधावर घे. आणि त्या तारेला काहीतरी पांढरं बांध. नातू शेळ्यांमागं पळतो, त्याच्या गळ्याशी येते ती."

दोन वर्षे त्या तारेखालून मुले पळत होती आणि आम्हा शिकलेल्यांच्या ते लक्षात आले नव्हते. खांब चार मीटर वर सरकवला की तिन्ही अँकर बांधावर किंवा वसतिगृहाच्या जागेत येतात, हे मोजून पाहिले. आधीही मोजता आले असते.

देणगीदारांपैकी एकाने सुचवले की अँकरपुरती जागा विकत घेऊन टाका, म्हणजे कटकट मिटेल. तसे करता येत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेली जमीन वारसाने जाते, ती विकता किंवा दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, आणि हे आदिवासींच्या भल्याचेच आहे. त्याच कायद्याच्या कलम ३(२) मध्ये शाळा, दवाखाना, अंगणवाडी यांच्याबरोबर विजेच्या आणि दूरसंचाराच्या वाहिन्यांसाठीही वनजमीन देण्याची तरतूद आहे : प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जागा, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी. ही तरतूद सरकारने राबवायच्या कामांसाठी आहे, कोणत्याही संस्थेला ती आपोआप लागू होत नाही. आमच्या बाबतीत आम्ही ग्रामसभेत विषय ठेवला आणि आजीच्या अटी ठरावात लिहून घेतल्या. दरवर्षी नांगरणीआधी तिची संमती पुन्हा विचारायची, हेही त्यात आहे.

महिला मंडळाला उत्तर

आता भगिनींच्या पत्राकडे येते. आपण विचारले, मनोऱ्याचा खर्च किती. लोखंड, तारा, काँक्रीट, वीजरोधक सळई आणि अर्थिंग यांचे अंदाजपत्रक संस्थेच्या कार्यालयातून आपल्याला पाठवले जाईल. माझी विनंती अशी की आपण जमवलेल्या रकमेचा अर्धाच भाग त्यासाठी द्यावा. लहान पडला तर खांब थोडा साधा घेऊ, किंवा उरलेल्या लोखंडासाठी दुसऱ्या कोणाला विचारू. दुसरा अर्धा भाग बँकेत वेगळा ठेवून त्यातून पुढील दहा वर्षे तारांची देखभाल व्हावी. ताणाचा मनोरा स्वस्त असतो कारण लोखंडाचे काम तारा करतात, आणि तारांकडे कोणीतरी कायम पाहावे लागते. चार पायांचा मनोरा पुष्कळसे दुर्लक्ष सोसतो. हा सोसत नाही.

त्या पैशांतून काय होईल ते सांगते. नवी तार पहिल्या काही महिन्यांत थोडी लांबते, म्हणून उभारणीनंतर तिचा ताण पुन्हा बघायचा. त्यानंतर वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, सकाळी वारा नसताना. बहुधा तारेच्या तुटण्याच्या शक्तीच्या दहा टक्क्यांच्या आसपास ताण ठेवतात. उन्हात पोलाद लांबते आणि ताण उतरतो, म्हणून त्या दिवशीचे तापमानही वहीत लिहायचे. ताण मोजायचे यंत्र महाग आहे, पण एक जुनी रीत आहे : अँकरजवळ तारेला झटका द्यायचा, त्याची लाट वर जाऊन परत हाताशी येते. दहा फेऱ्यांना किती सेकंद लागतात ते मोजायचे. सेकंद वाढले की तार सैल झाली. हे आमची नववीतील मुलगी मोबाईलच्या घड्याळावर करू शकते, आणि तिने पडलेल्या मनोऱ्याच्या उरलेल्या एका तारेवर करून दाखवलेही. ओळंबा लावून खांब सरळ आहे का बघायचे. टर्नबकल वाऱ्याने आपोआप फिरू नये म्हणून त्यातून बांधलेली बारीक तार जागेवर आहे का बघायचे. अँकरची सळई जमिनीखाली गंजते आणि वरून ती चकचकीत दिसते, म्हणून अधूनमधून माती काढून पाहायची. वर चढायचे काम मात्र शिकलेल्या माणसानेच, पट्टा लावून करायचे. त्याची मजुरी आणि बसभाडे हा देखभालीतला सर्वांत मोठा खर्च असेल.

पाटीबद्दल आपण विचारले होते. पाटी लावू. फक्त ती खांबावर न लावता बांधावरच्या अँकरजवळ लावावी असे मला वाटते, म्हणजे वर्षातून दोनदा तार तपासायला येणाऱ्याला तुमच्या भगिनींची नावे वाचायला मिळतील. आजीला मी त्याविषयी विचारले. ती म्हणाली, पाटी पांढरी असू दे, शेळ्यांना दिसेल.

आपले उत्तर ऑगस्टअखेर मिळाले तर खड्डे दिवाळीच्या सुट्टीत, मुले घरी गेलेली असताना घेता येतील. तोवर बांधावरचे भातही कापून झालेले असेल.